दोन नामं शेजारी-शेजारी

इंग्लिशच्या क्लासमध्ये शिकवणाऱ्या माणसाच्या घरात पुस्तकं कमी आणि किस्से जास्त साठतात. पुस्तकं रद्दीत घालता येतात, किस्से कोण घेणार? शिवाय आमच्या किश्शांची तऱ्हा अशी, की पहिल्या दोन वाक्यांना लोक खो खो हसतात आणि तिसऱ्याला गप्प होतात. नवऱ्याने तर मला ताकीदच दिलीय, "पाव्हणे आले की क्लासमधलं काही काढू नको. माणसं जेवायला आलेली असतात!"

पण आज कुणी जेवायला आलेलं नाही, तेव्हा सांगते.

आमचा क्लास बेळगावात, खडेबाजारात, एका भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर. खाली पातेली आदळतात, वर देसाई सर शिकवायचे. सर हायस्कूलमधून रिटायर झाले आणि महिनाभरात त्यांनी हा क्लास काढला. मी त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. ग्रामर त्यांच्याकडे, बोलायला शिकवणं माझ्याकडे. येणारी सगळी मोठी माणसं. दिवसभराचं काम उरकून, संध्याकाळी हातपाय धुऊन येणारी.

सरांचा एक लाडका धडा होता. नामापुढे नाम. तो शिकवताना ते खडू मोडून दोन तुकडे शेजारी-शेजारी धरायचे.

"मराठीत दोन नामं जवळ आणायची तर मधे चा-ची-चे लागतो. शाळेची बस. इंग्लिशमध्ये मधे कुणी नाही! स्कूल, बस. खांद्याला खांदा. त्यातलं दुसरं नाम काय ते सांगतं, पहिलं नाम कसलं ते सांगतं. बस आहे. कसली? शाळेची. दुसरं मालक, पहिलं चाकर. उलटं केलंत की घोटाळा!"

खाली जे सांगणार आहे ते सगळे या एका धड्याचे घोटाळे.

*

येळ्ळूरचे आप्पा. वय साठीच्या पुढे, डोक्याला पांढरी टोपी, सायकलीला दुधाचे कॅन. रोज पहाटे कॅम्पात, जुन्या लष्करी छावणीच्या वस्तीत, दूध घालायचे. पहिल्या दिवशी मी विचारलं, "आप्पा, या वयात इंग्लिश कशाला?"

"त्या कॅम्पातल्या बाया दूध घेताना एकमेकीला इंग्लिशमधनं कायतर म्हंत्यात ओ. माझ्या दुधाला काय म्हंत्यात ते मला कळाय नको?"

चार महिने एकही दिवस न चुकवता आले. दूध पातळ आहे असं त्या म्हणत नाहीत, एवढं कळल्यावर तर क्लासला पेढे वाटले!

त्याच उन्हाळ्यात आप्पांची म्हैस गेली. दोनच दिवस आजारी होती. तिचा विमा होता. अर्ज कुणाकडून लिहून न घेता आप्पांनी स्वतः लिहिला, इंग्लिशमध्ये. आम्हाला न दाखवता. म्हैस म्हणजे बफेलो, दुधाची म्हणजे मिल्क. सरांचा धडा आठवून दोन्ही नामं शेजारी ठेवली, फक्त उलटी पडली. "माय बफेलो मिल्क इज डेड."

ऑफिसातल्या साहेबाने तो कागद मोठ्याने वाचला. शेजारच्या टेबलावर नेऊन दाखवला. तिथेही हसले. पुढच्या टेबलावरही.

आप्पा टोपी हातात घेऊन उभे होते. म्हणाले, "हसू नगासा, साहेब. म्हसबी गेली, दूधबी गेलं. बरोबरच लिवलंय की!"

हे त्यांनीच आम्हाला येऊन सांगितलं. सर म्हणाले, "आप्पा, चूक काही नाही त्यात. उद्या या, पुढचा धडा घेऊ."

"नगं, सर. दूधच न्हाय तर कॅम्पात जायचं कशाला? आन् कॅम्पातच जायचं न्हाय तर बाया काय म्हंत्यात ते कळून काय करू?"

वही बाकावर ठेवली, सरांच्या पाया पडले आणि गेले. त्यांच्याहून सर फार तर दोन वर्षांनी मोठे असतील.

*

शुभांगीचा किस्सा त्यातल्या त्यात बरा.

तिच्या वडिलांचं शिवणाचं दुकान, आमच्या जिन्यावरून दिसणारं. त्यांना सगळा बाजार अण्णा म्हणायचा. दुकानावर पाटी: लेडीज टेलर. एका दिवाळीच्या गर्दीत अण्णांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय, उजवं तोंड गेलं. शुभांगी तेव्हा बी.कॉम.ला. पंधरा दिवसांनी तिने दुकानाचं शटर स्वतः वर केलं. अण्णांना सकाळी रिक्षातून आणून आतल्या खुर्चीत बसवायचं, संध्याकाळी न्यायचं. गळ्यात त्यांचा टेप तसाच. काढू दिला नाही त्यांनी.

एकदा सर वर्गात सांगत होते, "पहिल्या नामाला अनेकवचन लावायचं नाही. दुकानात बूट शंभर असू देत, म्हणायचं शू शॉप. दात बत्तीस असले तरी टूथब्रश!"

शुभांगी उठली. "सर, मग आमच्या पाटीवर लेडीज कसं?"

"ते रूढ झालंय गं. चालतं."

"आणि सर, अर्थ काय घ्यायचा? बायकांचे कपडे शिवणारा टेलर, का बाई असलेली टेलर?"

सर खूश झाले. "दोन्ही होतात! दोन नामं शेजारी आली की त्यांच्यात नातं कुठलं ते पाटी सांगत नाही. ते आपण ओळखायचं."

दुसऱ्या दिवशी मी ब्लाउज टाकायला दुकानात गेले होते. एक बाई आली, शुभांगीकडे वरून खाली बघितलं आणि म्हणाली, "टेलर कुठं गेलेत गं? लेडीज टेलर म्हणून आलते मी."

"मीच की आक्का. लेडीज बी मीच, टेलर बी मीच!"

बाई हसली. मी हसले. आतल्या खुर्चीत अण्णाही अर्ध्या तोंडाने हसले. मग डाव्या हाताने गळ्यातला टेप ओढायला लागले. तो उजव्या खांद्यावर अडकला, त्यांना निघेना. शुभांगी मदतीला वळली तर मानेने नको म्हणाले. बराच वेळ लागला. टेप निघाल्यावर त्यांनी तो तिच्यापुढे धरला.

त्या बाईचं माप शुभांगीने त्याच टेपने घेतलं. आकडे मात्र मला लिहायला सांगितले. तिला दिसत नव्हते.

*

कॅम्पात मिस डोरीन राहायच्या. एका जुन्या शाळेत त्यांनी चाळीसेक वर्षं इंग्लिश शिकवलं. सगळं शहर त्यांना 'मिस' म्हणायचं. सरांना कुठे अडलं की ते मला त्यांच्याकडे धाडायचे. स्वतः कधी गेले नाहीत. म्हणायचे, "त्यांच्यापुढे माझं इंग्लिश अजून घाबरतं."

एकदा वर्गात कुणीतरी विचारलं, टी-कप आणि कप ऑफ टी एकच का? सरांना उत्तर माहीत होतं, पण म्हणाले, "मिसना विचारून ये. त्यांनाही बरं वाटेल."

मी दुपारी गेले. कौलारू घर, व्हरांड्यात कुंड्या, आत सगळं जिथल्या तिथे. मिस डोरीननी माझा प्रश्न नीट ऐकून घेतला. मग उठून काचेचं कपाट उघडलं आणि एक-एक करून कप टेबलावर मांडले. पांढरे, सोनेरी काठाचे. सहा.

माझ्याशी त्या निम्मं इंग्लिश, निम्मं कॅम्पातलं मराठी बोलायच्या. म्हणाल्या, "हे टी-कप. चहाचे कप. रिकामे असले तरी टी-कपच. कप ऑफ टी म्हणजे त्यात चहा पायजे, गरम. समजलं?"

"समजलं, मिस."

"सोपं सांगते. माझ्याकडे टी-कप सहा आहेत. कप ऑफ टी रोज एकच होतो."

आणि स्वतःच्याच विनोदाला हसल्यासारखं करून आत गेल्या. बाहेर आल्या त्या दोन कप भरून घेऊन.

नंतर मी महिन्यातून एकदा तरी प्रश्न घेऊन जायची. माझ्याजवळचे खरे प्रश्न केव्हाच संपले. मग मी ते बनवायला लागले. मिसना ते कळत होतं, हे त्या गेल्यावर मला कळलं. त्यांच्या भाचीने कपाटातला एक कप माझ्या हातात दिला. त्यात मिसच्या अक्षरातली चिठ्ठी होती. "फॉर द टीचर विथ द सिली क्वेश्चन्स."

*

येळ्ळूरचीच सुमन. नवरा पलटणीत होता. डोंगरातल्या रस्त्यावर बर्फात गाडी घसरली आणि खाली गेली. लढाई नव्हती, गोळीबार नव्हता. ड्युटीवर होता एवढंच. तेव्हा तिची मुलगी चौथीत.

सुरुवातीची सगळी कागदपत्रं दिराने केली. पण सुमन आमच्याकडे आली ती यासाठीच, "माझ्या नावाचा कागद मला वाचाय आला पायजे." आणि शिकलीही झपाट्याने. फॉर्म भरण्यात तर ती वर्गात पहिली. शेजारच्या बायकांचेही भरून द्यायची.

मुलगी बारावी झाली, कॉलेजची ॲडमिशन आली. फॉर्ममध्ये सवलतीचे रकाने. सुमनने सोबतीला मला नेलं. खिडकीपलीकडच्या माणसाने फॉर्म बघितला आणि विचारलं, "वॉर विडो?"

सुमन म्हणाली, "मिलिटरीत होते ओ. ड्युटीवर गेले."

"ते न्हाय इचारलं. वॉर विडो का दुसरं?"

तो माणूस काही वाईट नव्हता. रांग मोठी होती, त्याला रकाना हवा होता. त्याने समजावून सांगितलं की त्या रकान्याला वेगळं सर्टिफिकेट लागतं. तिच्याकडे जे होतं ते दुसऱ्या रकान्याचं. मग त्यानेच पेनने वॉर हा शब्द खोडला, वर दुसरा लिहिला. पुढचा विडो हा शब्द मात्र होता तसाच ठेवला.

हवं होतं ते कॉलेज मिळालं नाही. मुलगी आता बसने दुसऱ्या कॉलेजला जाते, चांगली शिकते.

पण त्या संध्याकाळी सुमन क्लासला आली. सरांनी विचारलं, काय झालं. तिने बाकावरूनच सगळं सांगितलं. मग उठून उभी राहिली.

"सर, तुम्ही सांगितलासा दुसरा शब्द मालक, पयला नुसता कसलं त्ये सांगतोय. मग हापिसात सगळी पयल्याच शब्दाला का इचारत्यात? दुसरा तर दोन्हीकडं त्योच हाय की."

चाळीस वर्षं व्याकरण शिकवलेला माणूस. खडू हातात. खाली दुकानात कुणीतरी पितळी घागर वाजवून बघत होतं.

त्या दिवसापासून सरांनी मालक आणि चाकर हे शब्द धड्यातून काढून टाकले.

*

आता सरांचा स्वतःचा. हा मी ते असताना कुणाला सांगितला नसता. परवाच्या थंडीत सर गेले, म्हणून सांगते.

सरांच्या पत्नी जाऊन सात-आठ वर्षं झालेली. एकच मुलगा, परदेशात. लग्न झालं, मुलं झाली, फोनवर रोज बोलणं. यायचं म्हणता म्हणता राहायचं. एका वर्षी मात्र तिकिटं निघाली. मुलगा, सून, दोन नातवंडं. चार दिवसांसाठी.

सरांनी वरच्या खोलीला रंग दिला. नातवंडांना देशी संडास चालत नाही म्हणून कमोड बसवला. गिझर बसवला. मच्छरदाणी कुठली घ्यावी हे सगळ्या वर्गाला विचारून झालं. शुभांगीने पडदे शिवून दिले. सुमन म्हणाली, "सर, नातवंडास्नी आमच्यातली मक्याची कणसं आणून देतो."

येण्याच्या आदल्या दिवशी मेसेज आला. सरांनी तो मला दाखवला, बरोबर वाचलाय ना हे बघायला. मुलाने प्रेमानेच लिहिलं होतं. तुमची धावपळ नको, मुलांना एसीशिवाय झोप लागत नाही, कॅम्पाजवळ एक चांगलं गेस्ट हाऊस बुक केलंय, रोज भेटूच.

चौथ्या दिवशी ते सगळे परत गेले आणि पाचव्या दिवशी सर क्लासला आले.

शुभांगीने विचारलं, "सर, पाव्हणं आलती काय?"

"आली की."

त्यांनी फळ्यावर दोन शब्द लिहिले. गेस्ट हाऊस. त्याच्याखाली तेच दोन उलटे. हाऊस गेस्ट.

"बघा. दोन्ही नामं तीच. एक अक्षर इकडचं तिकडं नाही. वरचं म्हणजे पाहुण्यांसाठीचं घर. खालचं म्हणजे घरात राहणारा पाहुणा. नुसती जागा बदलली की पाहुणा घराबाहेर."

सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. सुमननेही. तिने तर दोन्हीखाली रेघा मारल्या.

"आज एवढंच पुरे," म्हणून सर वीस मिनिटांत उतरले. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबून मला म्हणाले, "तेवढा फळा पुसून टाक."

*

शेवटचा सुजाताचा.

सुजाता मूळची निपाणीची. आईने जन्मभर विड्या वळल्या. वडील तंबाखूच्या वखारीत हमाल होते, ते लवकर गेले. घरात बाबासाहेबांचा फोटो आणि त्याच्याखाली सुजाताची पुस्तकं. आईने एका पोरीला नर्सिंगपर्यंत पोचवलं आणि पोराला वायरमन केलं. मग तिच्या तोंडात बरी न होणारी जखम निघाली. विड्या वळताना चिमूट-चिमूट तोंडात धरलेली तंबाखू. ऑपरेशनमध्ये जीभ काढावी लागली.

हे आम्हाला ठाऊक नव्हतं. आम्हाला एवढंच माहीत, की सुजाता बेळगावात एका हॉस्पिटलात नोकरी करते, आईला घेऊन खोलीवर राहते, आणि परदेशात म्हाताऱ्या माणसांच्या एका केअर होममध्ये जागा आहे, तिच्या इंटरव्ह्यूची तयारी करते.

एका संध्याकाळी सर नामापुढे नाम शिकवत होते. उदाहरण दिलं, मदर टंग.

"आता याचा अर्थ आईची जीभ असा घ्यायचा नाही हं! आईची जीभ म्हणायचं तर मदर्स टंग. अपोस्ट्रॉफी आणि एस. तो एस लागला की ती वस्तू त्या माणसाची झाली. इथं एस नाही. मदर टंग म्हणजे मातृभाषा."

सुजाता उभी राहिली. "म्हंजे सर, मदर टंग असायला आईला जीभ असाय लागत न्हाय?"

सगळा वर्ग हसला. सरही हसले. "शाबास! अगदी बरोबर. लागत नाही."

"बरं," म्हणाली आणि खाली बसली.

हे ऑपरेशनचं आम्हाला कळलं ते इंटरव्ह्यूच्या दिवशी. तिच्या खोलीत नेट येत नव्हतं, म्हणून तिने क्लासची खोली मागितली. बरोबर आईला घेऊन आली. बारीकशी बाई, पांढरी साडी, तोंडाला पदर. तिला मागच्या बाकावर बसवलं. मी बोलले, त्या काहीतरी म्हणाल्या. मला एक अक्षर कळलं नाही. नुसते स्वर, लांब-आखूड. सुजाता टेबल पुसता पुसता म्हणाली, "आई म्हंत्या, टीचरनी चहा घेतला काय विचार." त्या परत काहीतरी बोलल्या. "आणि म्हंत्या, मी किती वेडीवाकडी ओढणी घेतल्या बघा."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी सरांकडे. मग सर जाऊन खिडकीपाशी उभे राहिले. त्यांच्या पाठीवरून मला कळलं, की त्यांना ते 'शाबास' आठवलंय.

इंटरव्ह्यू सुरू झाला. स्क्रीनवर दोन बायका आणि एक पुरुष. सुजाता छान बोलत होती. औषधं, बेडसोर, पडलेल्या म्हाताऱ्याला उचलायचं कसं, सगळं. मग त्या पुरुषाने विचारलं, भाषा किती येतात?

"इंग्लिश, कन्नडा, हिंदी, मराठी." मागच्या बाकाकडे एकदा बघितलं. "अँड माय मदर्स."

"सॉरी, यू मीन युअर मदर टंग?"

"नो, सर," सुजाता म्हणाली. "विथ अपोस्ट्रॉफी एस."

तिघांना काही कळलं नसावं. ते मान डोलावून पुढच्या प्रश्नाकडे गेले. सर खिडकीतून मागे वळलेच नाहीत.

नोकरी लागली. जायला दोन महिने होते. आईला निपाणीला भावाकडे ठेवायचं ठरलं. भाऊ दिवसभर कामावर, म्हणजे सगळं वहिनीवर. वहिनी गुणाची, पण तिला सासूचं बोलणं कळायचं नाही. त्या तिथे राहायला गेल्या की पाणी मागायच्या, ती उशी द्यायची. दोघीही रडायच्या.

मग सुजाताने एक शंभर पानी वही घेतली. उभी रेघ मारून दोन रकाने केले. डावीकडे आई म्हणते ते, उजवीकडे त्याचा अर्थ. ड्युटी संपली की आईजवळ बसायची, लिहायची. दर रविवारी आईला घेऊन निपाणीला जायची आणि वहिनीकडून पाठ करून घ्यायची. एकीने बोलायचं, दुसरीने ओळखायचं, चुकलं की परत! पहिल्यांदा वहिनीने वही न बघता पाणी आणून दिलं, त्या दिवशी तिघींनी शिरा खाल्ला म्हणे. आईने आपला चमच्याने, पातळ करून.

जायच्या आदल्या दिवशी सुजाता पेढे घेऊन क्लासला आली. वही बरोबर होती. "टीचर, एकदा बघता काय? शुद्धलेखन चुकलं असंल."

मी पानं उलटली. ओठांवरची अक्षरं, प, ब, म, तेवढी राहिली होती. बाकी सगळे स्वर.

पा-ई: पाणी.

पे-अ: पेज.

बा-बू आ-आ आ: बाबू आला का. बाबू म्हणजे भाऊ.

उ-ई: उशी. हे पाण्यासारखं वाटतं, नीट ऐक.

अं-अ: थंड. म्हणजे दार लाव. वारं लागतं.

आ आ-ई: काय नाही. असं म्हणाली की काहीतरी आहे. कपाळाला हात लावून बघ.

असं पानामागून पान. शुद्धलेखनाची एकही चूक मला काढता आली नाही. शेवटच्या पानावर डाव्या रकान्यात एकच ओळ होती. उ-आ-आ. उजवीकडे काहीच नव्हतं.

मी पेन काढलं. म्हटलं, "सुजाता, हिथं अर्थ लिहायचा राहिलाय बघ."

"राहिला न्हाय, टीचर," ती म्हणाली. "ते माझं नाव हाय."